आवाज फाटला पाहिजे

"म्हणजे आवाज फाटायला पाहिजे म्हणतोस?"

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुधात पाणी घालायचं मशीन काढतोय आणि त्यांना भागीदार करून घ्यायला आलोय.

अण्णा म्हणजे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले जुने रेडिओवाले. वय ८४. वडिलांचे दोस्त, त्यामुळे माझ्यावर ओरडायचा हक्क वडिलोपार्जित. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. शटरच्या आत आता नातवाची स्कूटी उभी असते, पण मागच्या भिंतीला लागून असलेलं टेबल अजून जागेवर आहे आणि त्यावरचा मीटर रोज पुसला जातो. उभा जन्म या माणसाने एकच काम केलं. भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर असो, तालमीचा कर्णा असो नाहीतर कुणाच्या सासऱ्यांचा रेडिओ, गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "अण्णा, आवाज फाटतोय." अण्णा तो शिवून द्यायचे.

आणि मी त्यांच्यासमोर कागद पसरून सांगत होतो, की मला १९५० च्या दशकातल्या एका अमेरिकन गिटार ॲम्पची हुबेहूब नक्कल करायचीय, लाकडी खोक्यासकट, आणि बटण फिरवत नेलं की त्याचा आवाज छान फाटला पाहिजे. खटाटोप त्यासाठीच.

"त्याला बनवायला कशाला पाहिजे? माळ्यावर माझ्याकडं असले चार पडल्यात. आपोआप फाटत्यात."

मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, पण पोट भरतं ते दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देण्यावर. दिवसभर जीएसटीच्या चुका काढतो. कॉलेजात घेतलेली गिटार कपाटावर होती, ती लॉकडाऊनमध्ये खाली आली आणि मग खालीच राहिली. मोबाइलच्या ॲपमधून हवा तो आवाज निघतो हे मलाही ठाऊक आहे. पण त्या ॲपमध्ये पन्नास जुन्या ॲम्पची चित्रं असतात आणि एकाच्याही पाठीमागे बघता येत नाही. मला मागचं बघायचं होतं.

ज्याची नक्कल करायची तो फेंडर कंपनीचा 'चँप'. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर या माणसाने १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. मूळचा हिशेबनीस. मंदीत नोकरी गेली, म्हणून दुकान. तिथूनच पुढे जगभर गेलेल्या गिटारी आणि ॲम्प निघाले. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरोबरच हाय. हलवायाला गोड आवडत नसतंय." रेडिओवाला म्हटल्यावर लिओबद्दल त्यांचं मत एकदम सुधारलं.

चँप हा त्या घराण्यातला सगळ्यात धाकटा, शिकणाऱ्या पोरांसाठी काढलेला. त्याच्या सर्किटचं नाव ५एफ१. पाच म्हणजे पन्नासचं दशक, एफ म्हणजे सुधारत सुधारत आलेली आवृत्ती, एक हा मॉडेलचा आकडा. ताकद जेमतेम ५ वॅट. आमच्या देवघरातला एलईडी बल्ब याहून जास्त खातो. आठ इंची स्पीकर, आवाजाचं एक बटण, तीन व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधीच्या काचेच्या नळ्या. ५वाय३ नावाचा व्हॉल्व्ह उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेने चालायला लावतो. १२एएक्स७ गिटारच्या तारेतून आलेला बारीकसा सिग्नल वाढवतो. आणि ६व्ही६ त्याला स्पीकर हलवण्याइतकं बळ देतो. झालं. सगळं सर्किट पोस्टकार्डाच्या मागे मावतं.

अण्णांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. "हे तुझं बारा-एएक्स-सात म्हणजे आमचं ईसीसी८३ की रं. अमेरिकेत एक नाव, युरोपात एक. आणि सहा-व्ही-सहा कुणाला सांगतोस? निम्म्या गावाची भजनं त्याच्यावर झाल्यात." मग बोट फिरवत फिरवत शेवटपर्यंत गेले. "ह्यात नवीन काय न्हाई. स्टेशन काढून घेतलेला रेडिओ हाय ह्यो." आणि ते शब्दशः खरं आहे. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची मागची निम्मी बाजू म्हणजेच हा ॲम्प. लिओनेही व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांनी छापलेल्या पुस्तिकांमधलीच सर्किटं घेऊन, घासूनपुसून वापरली होती. म्हणजे मी जिची नक्कल करायला निघालो होतो, ती वस्तूही थोडीफार नक्कलच होती.

नकलेचं आम्हा कोल्हापूरकरांना वावडं नाही. उद्यमनगरात कुठल्याही शेडमध्ये जा, पहिलं वाक्य एकच: "नमुना आणलाय काय?" नमुना दाखवा, वस्तू बनवून घेऊन जा. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली परदेशी कॅमेऱ्याकडे बघून याच गावात स्वतःचा कॅमेरा बनवला आणि त्यावर सिनेमे काढले. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. मी लहानपणापासून त्याच्यासमोरून जातो, पण हात सोल्डरने भाजायला लागल्यावर पहिल्यांदा तिथे गाडी थांबवून नीट बघितलं.

पहिली अडचण ट्रान्सफॉर्मरची. मूळ ॲम्प अमेरिकेतल्या विजेवरचा, १२० व्होल्टच्या आसपास आणि ६० सायकल. आपल्याकडे २३० आणि ५०. वीज जितकी सावकाश हेलकावे घेते, तितकं ट्रान्सफॉर्मरला लोखंड जास्त लागतं. साठाच्या जागी पन्नास म्हणजे साधारण पाचवा हिस्सा जास्त. तयार मागवायचा तर टपालखर्चात एक गिटार आली असती. म्हणून उद्यमनगरातल्या एका वायंडिंगवाल्या बापूंकडे गेलो. ते माझं सॉफ्टवेअर वापरतात, म्हणजे बिलं हातानेच लिहितात, पण पैसे देतात. पंखे, सबमर्सिबल मोटरी, वेल्डिंगचे ट्रान्सफॉर्मर, सगळं भरून देतात.

"किती व्होल्ट काढायचंय?"

"तीनशे पंचवीस, शून्य, तीनशे पंचवीस."

"म्हणजे साडेसहाशे." बापूंनी पेन खाली ठेवलं. "गिटार वाजवायचीय का कुणाला मारायचंय?"

हिशेब त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावरच केला. मधल्या दांडीचं लोखंड ३ बाय ३ सेंटिमीटर, म्हणजे ९ चौरस. पंचेचाळिसाला नवाने भागा: व्होल्टला ५ वेढे. मेनला ११५० वेढे. साडेसहाशेला ३२५०, त्यात घट धरून ३४००. व्हॉल्व्हच्या दिव्यांना लागणाऱ्या ६.३ व्होल्टसाठी ३३ वेढे आणि ५ व्होल्टसाठी २६. जाड तारेचे ते २६ वेढे बघता बघता झाले. पण ३४०० वेढ्यांची तार ३६ गेजची, केसासारखी. बापू एका हाताने मशीनची मूठ फिरवत होते आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सरकत होती. थर संपला की कागद, पुन्हा थर. चिमटीचा दाब जरा वाढला तर तार तुटते, कमी झाला तर वेढा वेढ्यावर चढतो. तास-दीड तास त्यांनी काउंटरकडे बघितलंही नाही. माझा फोन वाजला तेव्हा तेवढी मान वर केली, "बाहीर जाऊन बोला."

त्याच दिवशी त्यांनी दुसराही ट्रान्सफॉर्मर भरून दिला, व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला, ज्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणतात. त्याची गोष्ट पुढे येईल. तो आमच्या तिघांच्याही ज्ञानाची परीक्षा बघणार होता.

बाकीचं सामान किरकोळ. व्हॉल्व्हचे सॉकेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरने आले. १२एएक्स७ अण्णांनी माळ्यावरच्या डब्यातून दिला, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, काचेवरची अक्षरं अर्धी पुसलेली. रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या बाबतीत मात्र मला एक तक्रार नोंदवायचीय. या छंदात एक पंथ आहे, ज्यांना पन्नास-साठ वर्षांपूर्वीचेच कपॅसिटर लागतात, तेही अमुक रंगाचे, आणि त्यासाठी ते अंगठी विकायला तयार असतात. जुन्या पद्धतीचे कार्बनचे रेझिस्टर काय करतात, तर सूं आवाज करतात. मी साधे, आजचे, रुपया-दोन रुपयांचे वापरले. अजून कुणी कान टवकारून म्हणालेलं नाही, की एक लाख ओहम जरा नवीन वाटतोय.

आणखी एक ठिकाण जिथे मी इमानदारीने नक्कल केली नाही. मूळ ॲम्पला दोन तारांची पिन असायची, अर्थिंग नाहीच. मी तीन पिनची घातली. हुबेहूबपणाच्या नादात गिटारच्या तारेला चिकटून मरायची मला हौस नाही.

लाकूड. हा भाग मला सगळ्यात सोपा वाटला होता.

मूळ खोकं पाइनचं असतं, पाऊण इंच जाडीच्या सलग फळ्यांचं. त्यात काही गूढ नाही. तिकडे पाइन स्वस्त होतं, हलकं होतं. आपल्याकडे तेच पाइन शिरोलीच्या एमआयडीसीत परदेशी मशीन येतात त्यांच्या खोक्यांतून येतं आणि भंगारवाल्याकडे जातं. तिथल्या ढिगातून मी चार चांगल्या फळ्या निवडल्या. एकीवर शिक्का होता: कणसाचं चित्र, जर्मनीची अक्षरं आणि खाली 'एचटी'. म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटं तापवलेलं, त्यातून कुठला किडा परदेशवारीला निघू नये म्हणून. ती बाजू मी मुद्दाम खोक्याच्या आत घेतली.

चारी कोपऱ्यांना बोटांत बोटं गुंफल्यासारखा सांधा, फिंगर जॉइंट. आमच्या गल्लीत एक सुतारमेस्त्री आहेत. त्यांना म्हटलं, शिकवा. ते म्हणाले, करून देतो. मी म्हटलं, नाही, शिकवा. त्यांनी बिडी विझवली आणि पेन्सिलीने फळीवर रेघ ओढली. "करवत ह्या रेघेच्या कुठल्या अंगानं जाणार? आधी ठरीव. रेघ खायची का ठेवायची. एकदा ठेवली तर सगळीकडं ठेवायची." मला वाटलं, पेन्सिलीच्या रेघेची जाडी ती काय! पण एका कोपऱ्यात सात बोटं. प्रत्येक बोटाला अर्धा मिलिमीटर चुकला, तर सातव्याला साडेतीन मिलिमीटर. माझा पहिला कोपरा जुळवला तेव्हा म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखा दिसत होता. मेस्त्रींनी तो हातात घेऊन उजेडाकडे धरला, फटीतून माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत दिला.

दुसरा बरा आला. तिसरा आणि चौथा चांगले. मे महिन्यात कोरडे लावून बघितले तेव्हा हाताने ठोकलं की बसत होते. मग कामाच्या गडबडीत राहिलं आणि जून लागला. कोल्हापूरचा पाऊस. जुलैत फळ्या बाहेर काढल्या तर एकही बोट आत जाईना. लाकूड पाणी पिऊन फुगलेलं. पुन्हा पटाशी, पुन्हा कागद, तासून तासून बसवलं. आता मे महिन्यात तेच सांधे जरा सैल होतात आणि आवाजाच्या एका ठरावीक सुराला खोक्याचा डावा कोपरा हलका झणझणतो. फेविकॉल भरून तो बंद करता येईल. केलेला नाही.

वरून कापड. तिकडे त्याला ट्वीड म्हणतात, पण ते खरं जाड सुती कापड असतं, तिरप्या विणीचं आणि वरून लॅकर दिलेलं. इचलकरंजी तीसेक किलोमीटरवर असताना कापडाला कमी नाही. खळीने चिकटवलं, वाळल्यावर चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून चार हात दिले, रंग गुळाच्या जवळ गेला. मूठ चामड्याची हवी होती. ती चप्पल लाइनीतल्या एकाने कापशी चपलेच्या पट्ट्याला लागतं तसलं हिरड्या-बाभळीत कमावलेलं कातडं घेऊन, वादीने शिवून दिली. "कितीचं वजन उचलायचं?" विचारलं त्याने. म्हटलं, सात-आठ किलो. "मग म्हैस बांधली तरी चालंल."

स्पीकर अण्णांच्या माळ्यावरचा, एका जुन्या रेडिओग्रामचा. कोन एका ठिकाणी फाटलेला. अण्णांनी पतंगाचा कागद आणि पातळ केलेला फेविकॉल घेऊन, श्वास रोखून तो शिवला. पन्नास वर्षांची सवय.

चालू करायचा दिवस. अण्णांचे दोन नियम: पहिल्यांदा कुठलीही वस्तू सिरीज बोर्डावर लावायची, आणि आतलं काही मोजताना डावा हात खिशात. सिरीज बोर्ड म्हणजे मेनच्या वाटेत एक ६० वॅटचा साधा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि वस्तू वाचते. डावा हात खिशात अशासाठी, की साडेतीनशे व्होल्ट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वाटेत काळीज लागतं. आणि बंद केलं म्हणजे संपलं असं नाही. कपॅसिटर नंतरही भरलेले राहतात, ते रेझिस्टर लावून रिकामे करायचे, मगच हात घालायचा.

बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. व्हॉल्व्हमध्ये हळूहळू लाल तार दिसायला लागली. सिरीज काढून पूर्ण वीज दिली. पंधरा-वीस सेकंद काही नाही. आणि मग अशी किंकाळी निघाली की आईने आतून देवाचं नाव घेतलं. कुकरची शिट्टी, पण न थांबणारी. झडप घालून बटण बंद केलं आणि अण्णांना फोन लावला. त्यांनी मला पुढचं सांगूच दिलं नाही. "उलटं लागलंय. आउटपुटच्या प्रायमरीच्या दोन तारा अदलाबदल कर." या सर्किटमध्ये स्पीकरकडचा थोडा आवाज मागे फिरवून चूक दुरुस्त करायला वापरतात. तारा उलट्या लागल्या तर चूक दुरुस्त व्हायच्या ऐवजी फेर धरते. तारा बदलल्या. शांत झालं. नुसती हलकी घरघर.

गिटार लावली. आवाज आला, पण कसला! पातळ, कुरकुरीत, कागदी. वरच्या तारा ठीक, पण जाडी तार छेडली की भुस्स. मी तीन रात्री एकेक रेझिस्टर मोजला. ६व्ही६ च्या खालच्या ४७० ओहमवर १९ व्होल्ट, म्हणजे ४० मिलिॲम्पिअर वाहतायत, जसे वाहायला हवेत तसेच. सगळं बरोबर आणि आवाज चूक.

शेवटी ॲम्प उचलून अण्णांकडे नेला. त्यांनी मीटरला हातही लावला नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या कडेवरून नख फिरवलं.

"कागद घातलाय का?"

"कसला कागद?"

"कुणी भरला ह्यो?"

ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचे दोन आकार असतात, एक ई आणि एक आय. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते एकाआड एक दोन्ही बाजूंनी खोचतात, म्हणजे फट कुठेच उरत नाही. बापूंनी सवयीने तसंच केलं होतं. पण ज्या ॲम्पला एकच पॉवर व्हॉल्व्ह असतो, त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून ते ४० मिलिॲम्पिअर एकाच दिशेने सतत वाहत राहतात, गाणं असो वा नसो. फट नसली की लोखंड त्यानेच भरून जातं आणि जाड्या सुरांना जागा राहत नाही. "लोखंड बसलं की तुझं," अण्णा म्हणाले. म्हणून तिथे सगळे ई एकीकडे, सगळे आय दुसरीकडे आणि मध्ये कागद. नशीब, याला अजून वार्निश दिलं नव्हतं. अण्णांनी पत्रे एकेक करून काढले, पुसले, रचले. भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान फाडून, दुहेरी करून, पट्टी कापून मध्ये घातली आणि पट्टा आवळला.

बापूंना हे सांगितलं तर ते जरा दुखावलेच. "आम्ही जन्मभर फट बुजवत आलो. फट राहिली तर ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो, गिऱ्हाईक शिव्या घालतं. तुमचीच वस्तू निराळी, त्याला कोण काय करणार!" चूक माझीच होती. सांगायला हवं होतं, पण मला तरी कुठे ठाऊक होतं?

कागदाने जादू केली असं मी म्हणणार नाही, पण जाडी तार आली. छाती भरून आली. बटण तीन-चारवर असताना आवाज स्वच्छ आणि गोल. पाचच्या पुढे कडा खरखरीत व्हायला लागतात, आठ-नऊवर सूर फाटतो आणि फाटलेला लांबत राहतो. होतं काय, की व्हॉल्व्हच्या कुवतीपेक्षा सिग्नल मोठा झाला की लाटेचा माथा सपाट होतो. ट्रान्झिस्टर तो कोयत्याने छाटल्यासारखा छाटतो. व्हॉल्व्ह तळव्याने दाबून बसवतो, कडा गोल राहतात. त्यातही हा एकटा व्हॉल्व्ह लाटेची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त दाबतो. त्यामुळे मूळ सुरात दुप्पट कंपनांचा सूर मिसळतो, म्हणजे षड्ज लावला तर वरचा षड्ज. कानाला ते बिघडल्यासारखं वाटत नाही, भरल्यासारखं वाटतं.

आणि तरी मला तो आवाज नवीन वाटला नाही. रेकॉर्डवरून ऐकलेला म्हणून नव्हे. आणखी जुना, कुठूनतरी ओळखीचा.

उलगडा गणपतीत झाला. विसर्जनाच्या दिवशी महाद्वार रोडला उभा होतो. सगळीकडे डॉल्बीच्या भिंती, छातीत गुद्दे बसावेत तशा. त्यातून पापाची तिकटीकडून एक लहानसं मंडळ आलं, टेम्पोवर बेंजो पार्टी. बेंजो म्हणजे आपला बुलबुल तरंग, टाइपरायटरसारख्या बटणांचा, त्याला पिकअप लावलेला, आणि आवाज पूर्ण चढवून कर्ण्यातून सोडलेला. पोराने एक सूर धरला आणि तो कर्ण्यात फाटत, रडत, लांबत गेला. माझ्या अंगावर काटा आला. मी नऊ वर्षांचा असताना याच रस्त्यावर, कुणाच्यातरी कट्ट्यावर, वडिलांचं बोट धरून हाच आवाज ऐकला होता. इलेक्ट्रिक गिटार माझ्या आयुष्यात आली त्याला पुढे दहा वर्षं होती. कॉलेजात पहिली कॅसेट ऐकली तेव्हा सगळे म्हणत होते, काय विचित्र आवाज आहे. मला त्यात विचित्र काहीच वाटलं नव्हतं. फुलर्टनहून मागवायला निघालेली वस्तू पापाच्या तिकटीला मिळत होती.

दसऱ्यानंतर अण्णांना घरी आणलं. खुर्ची ॲम्पच्या समोर ठेवली. त्यांनी ती उचलून मागे ठेवली आणि मागच्या उघड्या बाजूने व्हॉल्व्ह बघत बसले. मग पुढे येऊन वरची चकचकीत पट्टी निरखली. नेमप्लेटवाल्याने विचारलं होतं, आकडे मराठीत का इंग्रजीत. मी मराठीत म्हटलं होतं. मूळ चँपचं बटण दहापर्यंत नाही, बारापर्यंत जातं.

"बारा? बारा वाजवायला ठेवलंय व्हय?"

मी चारवर वाजवलं, मान हलली. सातवर नेलं, कपाळाला आठी. नऊवर त्यांनी हात वर केला. "फाटतोय."

मग मी त्यांना बेंजोचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. गणपती झाला की सगळ्या बेंजो पार्ट्या अण्णांच्याच दुकानात यायच्या, जळके ॲम्प घेऊन. "दरवर्षी मी शिवून द्यायचा, दरवर्षी ही पोरं फाडून आणायची. कितीदा सांगितलं, आवाज निम्म्यावर ठेवा, साफ येतोय." चहा आला, त्यांनी बशीत ओतला. "शिवाजी पेठेतला एक वाजवणारा होता. ॲम्प न्यायला आला की दुकानातच लावून बघायचा. म्हणायचा, 'अण्णा, साफ झालाय, पण गप्प झालाय.' पुन्हा चढवायचा, फाटला की मगच पैसे द्यायचा." बशी तोंडाजवळ नेऊन तशीच थांबली. "मी त्याला बहिरा समजत आलो की रं."

चहा संपवून ते उठले, बटण मागे फिरवलं, चारवर आणलं. "तरीपण हितंच बरा हाय," म्हणाले आणि खिशातली पेन्सिल काढून पट्टीवर चारच्या समोर बारीक रेघ ओढली.

क्रोमवर पेन्सिल टिकत नाही, बोट लागलं तरी पुसते. पट्टी पुसताना मी तेवढा भाग सोडतो. वाजवतो नऊवर.